टोटोरो यायला अर्धा तास लागतो

२०२५च्या मार्चअखेरीस ओळखीतल्या कितीतरी जणांचे डीपी एका रात्रीत बदलले. मोठाले डोळे, गुबरे गाल, मागे हिरवंगार गवत. लग्नाचे फोटो, बारशाचे फोटो, राजगडावरचे फोटो, एआयच्या मदतीने सगळ्यांचं ‘घिबली’ झालं. आठवड्याभरात लाट ओसरली. त्या दिवसांत मला निदान चार जणांनी विचारलं, की हे घिबली नावाचं ॲप कुठून डाउनलोड करायचं?

ॲप नव्हे, तो टोकियोतला स्टुडिओ आहे. १९८५ साली हायाओ मियाझाकी आणि इसाओ ताकाहाता हे दोन दिग्दर्शक आणि निर्माते तोशिओ सुझुकी यांनी तो काढला. नाव एका जुन्या इटालियन विमानावरून घेतलंय, आणि विमानाला ते मिळालं सहारातून येणाऱ्या गरम वाऱ्यावरून. जपानी लोक त्याचा उच्चार ‘जिबुरी’ असा करतात, म्हणून मी इथे जिब्ली लिहिते. तुम्ही घिबली म्हणालात तरी कोणी हसणार नाही. एक मात्र सांगते. तो डीपी काही सेकंदांत तयार होत होता. याच स्टुडिओच्या ‘द विंड रायझेस’ (२०१३) या सिनेमात गर्दीचं जेमतेम चार सेकंदांचं एक दृश्य आहे, आणि ते काढायला एका चित्रकाराला सव्वा वर्ष लागलं.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, आणि घरात लहान मूल असल्यामुळे ‘आता बघायला हरकत नाही’ असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी हा लेख. क्रम माझा आहे. तो मी एक मुलगी, एक भाचा आणि एक सासूबाई अशा तिघांवर करून पाहिला आहे.

आधी एक ओझं उतरवा

‘जपानी कार्टून आपल्याला कसं कळणार?’ हे ते ओझं. तुमचं वय पस्तिशी-चाळिशीत असेल तर तुम्ही ते लहानपणीच पाहिलेलं आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारा मोगली आठवतो ना? शीर्षकगीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजचं, त्यामुळे तो आपल्याला आपलाच वाटायचा. पण मालिका मुळात जपानमध्ये १९८९ साली बनलेली. आणि रामावरचा तो देखणा ॲनिमेशनपट? युगो साको या जपानी माणसाने तो ध्यास घेऊन केला. भारतीय ॲनिमेशनमधले जुने जाणते राम मोहन त्याच्यासोबत होते. १९९२ साली पुरा झालेला तो सिनेमा २०२५च्या जानेवारीत आपल्याकडे थिएटरात पुन्हा लागला. डोरेमॉनबद्दल तर बोलायलाच नको, तो घरचाच झालाय.

तेव्हा तुम्ही नवखे आहात ते फक्त जिब्लीला.

भाषा आणि सबटायटल

सगळ्यात व्यवहारी अडचण हीच. अमेरिका, कॅनडा आणि जपान सोडून इतर देशांत यातले बरेचसे सिनेमे २०२०पासून नेटफ्लिक्सवर आले. तिथे मूळ जपानी आणि इंग्रजी आवाज दोन्ही मिळतात. मराठीत डबिंग नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सबटायटल वाचता येत नाहीत, आणि इंग्रजीचा वेग त्याच्या डोक्यावरून जातो.

माझा उपाय अगदी साधा आहे. पहिल्या खेपेला जपानी आवाज लावायचा आणि शेजारी बसून आपण मराठीत सांगायचं. सगळं नाही, दर चार वाक्यांतलं एक. ‘हे नवीन घरात राहायला आलेत.’ ‘आई दवाखान्यात आहे.’ एवढ्यावर मूल गाडी ओढत नेतं. जपानी बोलण्यातला चढउतार इतका स्पष्ट असतो की राग, लाज, कुतूहल न समजता समजतं. माझा भाचा तर दोन दिवस घरात शिरताना ‘तादाइमा’ (‘मी आले/आलो गं’ अशा अर्थाचं) ओरडत होता.

मोठ्यांनी एकट्याने बघताना मूळ आवाजच ठेवावा. ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’चं उदाहरण घ्या. मूळ सिनेमात किकीचं काळं मांजर मोजकं बोलतं आणि शेवटी शेवटी ते तिच्याशी माणसांच्या भाषेत बोलणं बंदच करतं. ती मोठी झाल्याची ती खूण आहे. १९९८च्या इंग्रजी डबिंगमध्ये मांजराला भरपूर विनोद दिले आणि शेवटी एक वाक्यही बहाल केलं. अर्थ पार उलटला. पुढे ते वाक्य काढलं म्हणा. सबटायटल निवडताना ज्या पर्यायापुढे ‘सीसी’ लिहिलेलं असतं तो बहुधा इंग्रजी डबिंगचा मजकूर असतो. जपानी आवाजासोबत तो लावला तर पात्र गप्प असताना खाली वाक्यं येतात आणि आपण चक्रावतो. दुसरा पर्याय घ्या.

पहिला सिनेमा ‘टोटोरो’च

याबाबत मी कोणाचं ऐकत नाही. ऑस्करवाल्या ‘स्पिरिटेड अवे’पासून सुरुवात करू, असं पुष्कळ जण म्हणतात आणि मग पोरं रात्री घाबरून उठतात. ‘माय नेबर टोटोरो’ १९८८चा, ८६ मिनिटांचा. चार वर्षांच्या मुलालाही चालतो. बसवत नसेल तर दोन दिवसांत वाटून बघा.

गोष्ट काय? पन्नाशीच्या दशकातलं टोकियोजवळचं खेडं. सात्सुकी आणि मेई या दोन बहिणी वडिलांसोबत एका जुनाट घरात राहायला येतात, कारण आईचं इस्पितळ तिथून जवळ आहे. घराच्या मागे प्रचंड कापराचं झाड. त्या झाडाखाली राहतो टोटोरो: राखाडी, केसाळ, घुबड आणि मांजर यांच्या मधलं काहीतरी, आणि पोट असं की त्यावर झोपावंसं वाटतं. एवढंच. खलनायक नाही, खजिना नाही, युद्ध नाही. मियाझाकींच्या स्वतःच्या आईला क्षयाने कित्येक वर्षं अंथरुणाला खिळवलं होतं, हे कळल्यावर सिनेमातल्या आईच्या त्या अंथरुणाकडे मोठ्या माणसाचं लक्ष वेगळ्या तऱ्हेने जातं. मुलांना मात्र मांजरबस दिसते, बारा पायांची.

आता शीर्षकाबद्दल. ज्याच्या नावाचा सिनेमा तो पडद्यावर यायला सुमारे अर्धा तास लागतो. तोवर बहिणी घर बघतात, जिना शोधतात, काजळीचे गोळे कोपऱ्यात पळताना पाहतात, आंघोळ करतात, सायकलवरून इस्पितळात जातात. माझी मुलगी दहाव्या मिनिटापासून विचारत होती, “आई, तो कधी येणार?” मी म्हणत राहिले, “येईल.” विसाव्या मिनिटाला तिने विचारणं सोडलं, कारण तोपर्यंत ती त्या घरात राहायला गेली होती.

आणि सासूबाई? मी त्यांना आईच म्हणते, त्या मूळच्या मालवणकडच्या. हातात निवडायची पालेभाजी घेऊन त्या बाजूला बसल्या होत्या. वडील दोन्ही मुलींना घेऊन त्या झाडापुढे उभे राहतात आणि वाकून नमस्कार करतात. झाडाला पेंढ्याची जाड वळलेली दोरी बांधलेली आहे. आई एकदम म्हणाल्या, “अगो, हो तर आमचो राखणदार!”

इतकं नेमकं मला कुठल्याच समीक्षेत सापडलं नव्हतं. शिंतो परंपरेत झाड, दगड, नदी, डोंगर सगळ्यांत देवत्व मानतात. त्या देवतांना मिळून जपानीत ‘ऐंशी लाख देव’ अशा अर्थाचा शब्द आहे. आकडा मोजायचा नसतो, आपल्या तेहतीस कोटींसारखाच. ती दोरी म्हणजे ‘शिमेनावा’, इथे देवत्व आहे असं सांगणारी. देवळाभोवतीचं रान तोडायचं नाही हा रिवाज तिथेही आहे. ज्याने सह्याद्रीतली देवराई किंवा कोकणातली देवरहाटी पाहिली आहे, ज्याच्या घरी शेताच्या बांधावर राखणदाराला नारळ ठेवतात, त्याला टोटोरो ‘कल्पनारम्य प्राणी’ वाटतच नाही. तो इथलाच कोणीतरी आहे, जरा जास्त केस असलेला.

गंमत म्हणजे हा सिनेमा आला तेव्हा फार चालला नव्हता. काही वर्षांनी टोटोरोच्या मऊ बाहुल्या निघाल्या आणि त्यांनी स्टुडिओला हात दिला. आज स्टुडिओच्या बोधचिन्हावर टोटोरोच आहे.

दहा सेकंद पुढे ढकलायचं बटण

हे विसरून जा. दीडपट वेगसुद्धा नको.

२००२ साली अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मियाझाकींना या निवांत क्षणांबद्दल विचारलं. मियाझाकींनी दोन-चार टाळ्या वाजवल्या आणि सांगितलं की दोन टाळ्यांमधला जो वेळ, त्याला जपानीत ‘मा’ म्हणतात. सगळीकडे घाईच असेल तर ती नुसती धावपळ होते. ज्यांनी विलंबित ख्याल ऐकलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. समेआधी गवई थांबतो ती जागा काढून टाका, काय उरेल?

‘टोटोरो’मधला बसथांबा बघा. रात्र, पाऊस, वडिलांची बस उशिरा. पाठीवर मेई झोपलेली. शेजारी टोटोरो येऊन उभा राहतो, डोक्यावर एक पान. सात्सुकी त्याला छत्री देते. छत्रीवर थेंब टपटपतात आणि त्याला तो आवाज इतका आवडतो की तो उडी मारून झाडावरचं सगळं पाणी खाली पाडतो. घडत काहीच नाही. आमच्या घरात मात्र पावसाळ्यात छत्री उघडली की कोणीतरी उडी मारतंच.

परदेशी वितरकांना या जागांची भीती वाटायची. मियाझाकींचा १९८४चा ‘नॉसिका’ अमेरिकेत गेला तेव्हा त्यातली वीसहून अधिक मिनिटं छाटली गेली. त्यानंतर स्टुडिओने हट्ट धरला, की एकही फ्रेम कापायची नाही. ‘प्रिन्सेस मोनोनोके’ अमेरिकेला देताना सुझुकींनी तिथल्या वितरकाला चक्क एक तलवार भेट दिली. निरोप होता: कापाकापी नको.

मुलाला कंटाळा आला तर? येऊ द्या. उठून पाणी पिऊन येईल. सिनेमा थांबवू नका आणि ‘बघ बघ, आता मजा येणार’ असं सांगून घाईही करू नका. आमच्याकडे भाचा पहिल्या खेपेला मधेच उठून गॅलरीत गेला, दुसऱ्या खेपेला जागचा हलला नाही.

मग पोन्यो, मग किकी

‘पोन्यो’ (२००८) लहानांसाठी: माणूस व्हायला निघालेली मासोळी आणि पाच वर्षांचा मुलगा. समुद्राच्या लाटा हाताने काढलेल्या आहेत, आणि त्या लाटा जिवंत प्राण्यांसारख्या रस्त्याला समांतर धावतात. वादळाच्या रात्री गरम पाण्यात नूडल्स फुगायची वाट बघण्याचं एक दृश्य आहे. ते बघून झाल्यावर स्वयंपाकघरात काय मागणी येणार, याची तयारी ठेवा.

‘किकी’ (१९८९) आठ-नऊ वर्षांच्या पुढे. तेरा वर्षांची चेटकीण रीतीप्रमाणे घर सोडून परक्या शहरात येते आणि झाडूवरून सामान पोचवायचा धंदा सुरू करते. मुलांना उडण्याची मजा. पण पंचविशीत नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला एकटं राहिलेल्या माणसाने हा जरूर बघावा. एके दिवशी किकीला उडताच येत नाही. कारण काहीच नाही, फक्त थकवा. जंगलात राहणारी एक चित्रकार मुलगी तिला काय सांगते ते ऐका. आणि एक आजी नातीसाठी चुलीत ‘पाय’ (सारण भरलेला खाऊ, इंग्रजीतला pie) भाजून देते, किकी भर पावसात भिजत तो पोचवते, नात दारात तोंड वाकडं करते. खलनायक म्हणाल तर एवढाच. मला तो पुरेसा वाटला.

आता ‘स्पिरिटेड अवे’

२००१चा, दोन तासांहून जरासा मोठा. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘सुवर्ण अस्वल’ पुरस्कार, २००३ साली ऑस्कर. मियाझाकींनी तो ओळखीच्या दहा वर्षांच्या मुलींना डोळ्यांसमोर ठेवून केला, आणि माझ्या मते तेच वय धरावं. आठच्या आत नको. सुरुवातीलाच आईवडील कोणा परक्याचं अन्न ओरपता ओरपता डुकरं होतात. लहान मुलाला भुतापेक्षा याची भीती जास्त वाटते.

चिहिरो नावाची किरकिरी मुलगी देवांच्या स्नानगृहात अडकते. तिथली मालकीण यूबाबा नोकरी देते आणि बदल्यात नावातली अक्षरं काढून घेते. उरतं फक्त ‘सेन’. ज्याला स्वतःचं मूळ नाव आठवत नाही, त्याला घरी परतता येत नाही. हे मुलांना थेट समजतं. शाळेत पहिल्या दिवशी आडनावाने हाक मारली जाते तेव्हाचा धक्का त्यांना ताजा असतो.

बघताना तीन जागी सावध राहा.

पहिली, भातगोळ्याची. तिला मदत करणारा हाकू नावाचा मुलगा तिला भाताचा मुटका देतो आणि ती खाता खाता ओक्साबोक्शी रडते. तोवर ती रडलेली नसते. आजारपणानंतर आईच्या हातचा मऊ भात खाताना असं झालेलं असेल तर कळेल.

दुसरी, चिखलाने बरबटलेला एक ‘दुर्गंधी देव’ आंघोळीला येतो. सेन त्याच्या अंगात रुतलेलं काहीतरी ओढते आणि आतून सायकल निघते, मग भंगाराचा ढीग. तो नदीचा देव असतो. मियाझाकींनी स्वतः नदी साफ करताना सायकल बाहेर निघालेली पाहिली होती. मुठेच्या किंवा मिठीच्या काठी राहणाऱ्याला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. आईंनी साती आसरांची आठवण काढली, आणि मग बराच वेळ कोणी बोललं नाही. आणखी एका नदीची गोष्ट यात आहे, ती सांगत नाही.

तिसरी, पाण्यावरून जाणारी आगगाडी. सेन आणि चेहरा नसलेला तो काळा जीव शेजारी शेजारी बसतात. खिडकीतून संध्याकाळ जाते. ‘मा’चा जो थांबा मघाशी म्हटला, त्याचा कळस इथे आहे.

सोबत खायला काय? बॉयलरखोलीतल्या काजळीच्या पिल्लांना त्यांचा खुराक म्हणून रंगीत, काटेरी साखरेचे दाणे मिळतात. त्यांना ‘कोंपेइतो’ म्हणतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांसोबत ते जपानात गेले. माझी मुलगी ओरडली, “हलवा!” संक्रांतीचा काटेरी हलवाच तो, करायची रीतही तीच: गरम कढईत पाक थोडा थोडा घालत दाणे फिरवत राहायचं, काटा फुटेपर्यंत. तेव्हा जानेवारीत डब्यात उरलेला हलवा टाकू नका.

मोठ्यांसाठी वेगळी रांग

मुलं झोपल्यावर ‘प्रिन्सेस मोनोनोके’ (१९९७) बघा. हात तुटतात, मुंडकी उडतात, त्यामुळे तेरा-चौदाच्या आत नकोच. पण जंगल तोडणारी लेडी एबोशी ही बाईच कुष्ठरोग्यांना आसरा देते आणि कुंटणखान्यातून सोडवलेल्या बायकांना काम देते. आता कोणाची बाजू घ्याल? मी तीनदा बघितलाय, अजून ठरत नाही. ताकाहातांचा ‘प्रिन्सेस कागुया’ (२०१३) जपानच्या एका फार जुन्या कथेवरचा, जलरंगात काढल्यासारखा. लेकीच्या ‘भल्यासाठी’ सगळं ठरवणाऱ्या आईबापांनी बघावा.

एक इशारा. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) हाही जिब्लीचाच, पोस्टरवर दोन गोड मुलं. १९४५च्या बॉम्बहल्ल्यांत अनाथ झालेल्या भावंडांची ती गोष्ट आहे. ‘टोटोरो’ आणि हा सिनेमा जपानमध्ये एकाच तिकिटावर लागले होते, कसे बघितले असतील देव जाणे. मुलांना दाखवू नका. तुम्हीसुद्धा दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच बघा.

जिब्लीबाहेर जायचं तर मामोरू होसोदाचा ‘मिराई’ (२०१८), घरात नवं बाळ आलेल्या मोठ्या भावंडासाठी; आणि माकोतो शिंकाईचा ‘युअर नेम’ (२०१६), कॉलेजातल्या मुलांसाठी. मात्र ‘ॲनिमे’ (म्हणजे जपानी ॲनिमेशन) असा शोध टाकून रिमोट मुलाच्या हाती देऊ नका. त्या एका शब्दाखाली पूर्णपणे प्रौढांसाठीचंही पुष्कळ येतं.

संपल्यावर

‘काय शिकलास?’ हा प्रश्न विचारू नका. आवाज कुठला आठवतो, त्या घरात तुझी खोली कुठली, हे विचारा. किंवा काहीच विचारू नका, खडू पुढे ठेवा.

आणि सेटिंगमध्ये जाऊन आपोआप पुढचा सिनेमा सुरू होण्याची सोय आधीच बंद करून ठेवा. ‘टोटोरो’ संपल्यासारखा वाटतो, नावं वर सरकायला लागतात, आणि ॲप लगेच दुसरं काहीतरी पुढे करतं. आम्ही पहिल्या वेळी तिथेच फसलो. मुलगी रात्री अंथरुणात म्हणाली, “पण त्यांची आई बरी झाली का?” सकाळी दप्तर भरायच्या आधी पुन्हा लावून शेवटपर्यंत बघितलं. नावांच्या मागे छोटी छोटी चित्रं येतात. त्यातल्या एकात आई टॅक्सीतून घरी पोचलेली असते.